प्लीहा काढल्यानंतर ताप आला, तर वाट किती पाहावी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: “माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६१ वर्षांचे आहेत. करवीर तालुक्यात आमची ऊसशेती आहे, चार म्हशी आहेत. पोट सतत जड वाटते म्हणून तपासणी केली, तेव्हा प्लीहेचा मार्जिनल झोन लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कर्करोग) असल्याचे निदान झाले आणि सात महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया करून प्लीहा काढण्यात आली. शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी न्यूमोनियाची म्हणून एक लस दिली होती, पण तिचा कागद आता सापडत नाही. अस्थिमज्जेत आजार शिल्लक असल्यामुळे पुढच्या महिन्यात रिटुक्सिमॅब हे औषध सुरू करायचे ठरत आहे. तीन आठवड्यांपूर्वी आबांना रात्री हुडहुडी भरून १०२ ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी तापाची गोळी दिली आणि सकाळी ताप उतरला. नातेवाईक म्हणतात, पाणथरी (प्लीहा) काढली, आता अंगात काही ताकद राहिली नाही. म्हणून आत्याबाईंनी गुळवेलीचा काढा सुरू केला आहे. रक्ताच्या अहवालात प्लेटलेट सहा लाख आल्याने आम्ही आणखी घाबरलो. आबांना रानात जाऊ द्यावे का? गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची त्यांची जुनी सवय आहे आणि चैत्रात जोतिबाला जायचेच म्हणतात. त्यांची प्रतिकारशक्ती नेमकी किती उरली आहे?” — एक सून, करवीर तालुका

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण त्यातली जी गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे, तिच्यापासूनच मला सुरुवात करावी लागेल. ती गोष्ट म्हणजे तो रात्रीचा ताप. सकाळी तो उतरला, आबा चहा पिऊन उठून बसले, हे चांगलेच झाले. बहुधा तो साधा विषाणूजन्य ताप असावा. परंतु ज्या माणसाची प्लीहा काढलेली आहे, त्यातही ज्याला लिम्फोमा आहे, त्याच्या बाबतीत हुडहुडी भरून आलेला १०२ ताप हा सकाळपर्यंत वाट पाहण्याचा ताप नसतो. पुढच्या वेळी ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, अथवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरू लागले, तर त्याच तासाला हालचाल करावी. असे का, हे समजले म्हणजे आपल्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही बरीचशी आपोआप मिळतील.

प्लीहा हा निरोगी माणसात सुमारे १५० ग्रॅम वजनाचा, डाव्या बरगड्यांखाली असलेला अवयव. शरीरातले रक्त त्यातून जाताना एका भागात फार संथ होते, अरुंद फटींतून वाट काढत पुढे सरकते आणि त्या वाटेवर बसलेल्या भक्षक पेशी जुन्या तांबड्या पेशी व रक्तात शिरलेले जंतू उचलून गिळतात. बहुतेक जंतूंसाठी हे काम यकृतही करू शकते. अडचण येते ती न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा प्रकार बी या जंतूंची. यांच्याभोवती शर्करेच्या रेणूंचे गुळगुळीत कवच असते आणि भक्षक पेशींना ते सहजी धरता येत नाही. आपण कोल्हापूरकर; तालमीत घामाने निसरड्या झालेल्या जोडीदाराच्या अंगावर माती टाकल्याशिवाय पकड बसत नाही, हे आबांना सांगायला नको. रक्तात ती माती टाकण्याचे काम प्रतिपिंडे (अँटीबॉडी) करतात. एकदा कवचावर प्रतिपिंडे चिकटली की यकृतातल्या पेशीसुद्धा तो जंतू पकडू शकतात. प्रतिपिंडे नसतील, तर मात्र हे जंतू यकृतातून निसटतात आणि त्यांना अडवण्याची ताकद मुख्यतः प्लीहेतच असते.

दुसरी बाब अशी, की शर्करेच्या या कवचाविरुद्ध घाईघाईने पहिली प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींचा (या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) एक खास गट प्लीहेच्या सीमावर्ती पट्ट्यात, म्हणजेच मार्जिनल झोनमध्ये राहतो. प्लीहा काढली की गाळणीही जाते आणि त्या गाळणीला लागणारी माती तयार करणारे ठिकाणही जाते. त्यामुळे क्वचित एखाद्या वेळी न्यूमोकोकस रक्तात शिरला, तर तो फार वेगाने वाढतो. सुरुवात अगदी साध्या तापासारखी होते: थंडी, अंगदुखी, उलटी, एखाद-दुसरा जुलाब. पण २४ ते ४८ तासांत रक्तदाब कोसळणे, भ्रम होणे, त्वचेवर जांभळे डाग उमटणे, मूत्रपिंड बंद पडणे येथपर्यंत मजल जाऊ शकते. अशा संसर्गात मृत्यूचे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, असे वैद्यकीय ग्रंथांत नोंदवलेले आहे. तो होण्याची शक्यता कमी असते. प्लीहा नसलेल्या सर्व लोकांचा एकत्र विचार केला, तर वर्षाला शंभरात एकाहूनही कमी. मात्र पहिली दोन-तीन वर्षे ती सर्वाधिक असते, नंतरही कायमची शून्य होत नाही, आणि अपघातात प्लीहा गमावलेल्या धडधाकट तरुणापेक्षा लिम्फोमाच्या रुग्णात ती स्पष्टपणे जास्त असते.

यावरून “अंगात काही राहिले नाही” हे नातेवाइकांचे म्हणणे किती खरे, ते ठरवता येईल. सर्दी, फ्लू, कांजिण्या अशा विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशी आबांच्या शरीरात इतरत्र आहेत. लसिकाग्रंथी आहेत, अस्थिमज्जा आहे, यकृत आहे. किंबहुना एका बाबतीत शस्त्रक्रियेने त्यांचा फायदाच झाला असण्याची शक्यता आहे. या प्रकारच्या लिम्फोमात प्लीहा इतकी फुगते की ती पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट स्वतःतच अडकवून ठेवते व रक्तातले त्यांचे प्रमाण घटते. प्लीहा काढल्यावर या पेशी पुन्हा रक्तात मोकळ्या फिरू लागतात. आपल्याला घाबरवणाऱ्या सहा लाख प्लेटलेटचे कारणही बहुतांशी हेच आहे. प्लीहा नसताना प्लेटलेट वाढणे, पांढऱ्या पेशी थोड्या जास्त दिसणे आणि रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींमध्ये ‘हॉवेल-जॉली बॉडी’ नावाचे ठिपके दिसणे अपेक्षितच असते. अहवालातल्या त्या ठिपक्यांचा अर्थ इतकाच, की त्यांना काढून टाकणारी प्लीहा आता नाही. प्लेटलेट दहा लाखांच्या आसपास गेल्या, किंवा अचानक पोटात सतत दुखू लागले, तर डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतर काही काळ असतो. तूर्त सहा लाखांवर झोप घालवू नये.

तरीही लिम्फोमाच्या रुग्णाचा हिशेब केवळ प्लीहेपाशी थांबत नाही, आणि आपल्या घरात याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे असे पत्रावरून वाटते. हा आजार मुळात बी पेशींचा. ज्या पेशींनी प्रतिपिंडे तयार करायची, त्यांच्याच कुळात बिघाड झालेला असल्यामुळे रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे प्रतिपिंडांचे, प्रमाण अनेक रुग्णांत आधीच कमी झालेले असते. त्यावर आता रिटुक्सिमॅब येणार. हे औषध बी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी २० या खुणेला चिकटते आणि आजारी व निरोगी अशा दोन्ही बी पेशी नष्ट करते. शेवटच्या मात्रेनंतरही सहा महिने ते वर्षभर त्या पेशी पुरेशा भरून येत नाहीत. म्हणजे प्लीहा नाही, प्रतिपिंडे मुळात कमी, आणि नवी प्रतिपिंडे तयार करण्याची क्षमताही काही काळ बंद, अशा तिहेरी परिस्थितीत आबा पुढच्या महिन्यापासून जाणार आहेत.

हॉजकिन लिम्फोमाच्या इतिहासात याचा कडू अनुभव वैद्यकशास्त्राने घेतलेला आहे. प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांमध्ये जीवघेणे जंतुसंसर्ग होतात, हे किंग आणि शूमाकर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९५२ मध्येच लिहून ठेवले होते. तरीही पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत हॉजकिनच्या रुग्णांमध्ये आजार कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी पोट उघडून प्लीहा काढून तपासण्याची पद्धत रूढ झाली, कारण त्या काळी आतले पाहण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता. त्यांतले काही रुग्ण कर्करोगातून बरे झाले आणि पुढे न्यूमोकोकसच्या संसर्गाने दगावले. प्लीहेचा अभाव, किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र आल्यावर प्रतिपिंडांची पातळी घसरते व लसींनाही प्रतिसाद कमी मिळतो, हे त्या रुग्णांवरून कळले. सीटी आणि नंतर पेट स्कॅन आल्यावर ती पद्धत बंद झाली. आज प्लीहा काढली जाते ती आबांसारख्या निवडक रुग्णांत, आणि शस्त्रक्रियेआधी लसी देण्याचा आग्रह धरला जातो तो या अनुभवामुळेच.

लसींबद्दल आता सविस्तर लिहितो, कारण येथे आपल्या हातात फार थोडा वेळ आहे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत लसी किमान दोन आठवडे आधी, शक्य तर चार ते सहा आठवडे आधी द्यायच्या असतात. आबांना दोन दिवस आधी दिलेल्या लसीचा उपयोग अगदीच झाला नसेल असे नाही, पण तेवढ्यावर विसंबून राहता येणार नाही. कागद सापडत नसेल, तर कोणती लस दिली याची नोंद त्या रुग्णालयाच्या दफ्तरातून काढून घ्यावी. न मिळाल्यास डॉक्टर ती दिली नाही असे धरून पुढे जातील, आणि त्यात नुकसान नाही.

प्लीहा नसताना लस घेऊन काय उपयोग, असे आपल्याला कुणीतरी विचारील. न्यूमोकोकसच्या जुन्या साध्या लसीत केवळ शर्करेचे कवच असते व तिला प्लीहेतल्या त्या खास बी पेशींची गरज अधिक भासते. संयुग्म लसीत तीच शर्करा एका प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे टी पेशींची मदत मिळते आणि शरीरातल्या इतर लसिकाग्रंथींतही चांगली, टिकाऊ प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ती रक्तात फिरत राहिली, की यकृत प्लीहेच्या कामाचा मोठा वाटा उचलते. याच कारणाने आधी संयुग्म लस आणि गरज असेल तर आठ आठवड्यांनी २३ प्रकारांची साधी लस, असा क्रम ठेवतात. वीस प्रकारांची संयुग्म लस मिळाली, तर दुसरीची गरज सहसा उरत नाही. मेनिंगोकोकसची चार प्रकारांची संयुग्म लस, जी हजला जाणाऱ्यांना द्यावी लागते, तिच्या दोन मात्रा आठ आठवड्यांच्या अंतराने आणि पुढे दर पाच वर्षांनी एक. हिमोफिलसची एक मात्रा. आणि फ्लूची लस दर वर्षी, कारण फ्लूच्या मागोमाग न्यूमोकोकस येतो. फ्लूची नाकात फवारण्याची जिवंत विषाणूंची लस मात्र आबांना द्यायची नाही; इंजेक्शनचीच घ्यायची.

आता वेळेचा मुद्दा. रिटुक्सिमॅब नव्या प्रतिपिंडांची वाट बंद करते, पण आधी तयार झालेली प्रतिपिंडे लगेच नाहीशी होत नाहीत, कारण ती तयार करणाऱ्या परिपक्व प्लाझ्मा पेशींवर सीडी २० ही खूण नसते. म्हणून आज दिलेली लस आणि रिटुक्सिमॅबची पहिली मात्रा यांत किमान दोन आठवडे, शक्य असल्यास चार आठवडे जावेत. एकदा औषध सुरू झाले, की लसींना नीट प्रतिसाद मिळण्यासाठी शेवटच्या मात्रेनंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. आपण लिहिले आहे “पुढच्या महिन्यात”. म्हणजे संधी आहे, पण ती या आठवड्यातच घ्यावी लागेल. प्लीहेचा मार्जिनल झोन लिम्फोमा बहुतेक वेळा संथ चालणारा असतो, त्यामुळे लसींसाठी दोन-तीन आठवडे उपचार पुढे ढकलणे अनेकदा शक्य असते. तो निर्णय मात्र आबांचे रक्त आणि लक्षणे पाहून त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांनीच घ्यायचा. आपण फोन करून एवढेच विचारावे: “रिटुक्सिमॅबच्या आधी प्लीहा नसलेल्या रुग्णाच्या लसी पूर्ण करायच्या राहिल्या आहेत, त्या कधी द्यायच्या?” हा प्रश्न न विचारल्यामुळे राहून गेलेल्या लसी मी बऱ्याच रुग्णांत पाहतो. कुणाचा हलगर्जीपणा असतो असे नाही. शस्त्रक्रिया एका डॉक्टरांची, औषधे दुसऱ्यांची, आणि लसी त्या दोघांच्या मधल्या जागेत पडून राहतात.

लसी सगळ्या जंतूंना पुरत नाहीत, म्हणून रोजच्या प्रतिजैविकाबद्दलही त्याच फोनवर विचारावे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि रक्ताचा कर्करोग असलेल्या प्लीहाहीन रुग्णाला पेनिसिलिन व्ही, बहुधा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दीर्घकाळ देण्याची शिफारस केली जाते. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास दुसरे औषध देतात. ही गोळी रोज घेऊनही ताप आलाच, तर ती पुरेशी नाही, असे समजून पुढे वागायचे.

ते कसे, हे घरातल्या प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या मुलांनाही, माहीत असावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची पाने घरात, आणि आबा रानात किंवा गावाला जातील तेव्हा त्यांच्या खिशात असावीत. ताप अथवा हुडहुडी आली, की ठरवून दिलेली पहिली मात्रा ताबडतोब द्यायची आणि गाडी काढायची. तापाची गोळी दिली तरी चालेल, मात्र तिने ताप उतरतो का ते पाहत बसायचे नाही. गावातल्या डॉक्टरांकडे नेऊन वेळ घालवण्यापेक्षा कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयासारखे चोवीस तास सुरू असणारे मोठे रुग्णालय गाठावे, आणि दारातच पहिले वाक्य असे असावे: “यांची प्लीहा काढलेली आहे, लिम्फोमा आहे, आणि ताप आला आहे.” रात्रपाळीतल्या तरुण डॉक्टरांना या वाक्याचा अर्थ लगेच कळतो, “पोटाचे ऑपरेशन झाले आहे” या वाक्याचा कळत नाही. रक्ताचे कल्चर काढून शिरेतून प्रतिजैविक सुरू करणे, हे तेथे अपेक्षित आहे. हेच वाक्य एका जाड कागदावर लिहून, औषधांची नावे आणि कर्करोगतज्ज्ञांचा क्रमांक घालून, आबांच्या पाकिटात ठेवावे. रिटुक्सिमॅबच्या पहिल्या सलाईनच्या वेळी औषधामुळेही ताप-थंडी येते, ती रुग्णालयात असताना डॉक्टर हाताळतील. घरी आल्यावर आलेल्या तापाला मात्र औषधाचा ताप समजू नये.

रानात जायला माझी हरकत नाही. उलट घरात कोंडून ठेवलेला शेतकरी लवकर खचतो. पायात बूट असावेत, जखम झाली तर लगेच धुऊन झाकावी, आणि वस्तीवरच्या कुत्र्याचे तोंड जखमेला लागू देऊ नये. कुत्रा चावला, तर रेबीजच्या लसीखेरीज प्रतिजैविकही त्याच दिवशी सुरू व्हायला हवे, कारण कुत्र्याच्या लाळेतील कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू प्लीहा नसलेल्या माणसात भयंकर रूप घेतो. रिटुक्सिमॅब चालू असेल तर तेही तेथे सांगावे. अशा रुग्णाला किरकोळ ओरखड्यासाठीसुद्धा रेबीजचे इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा विचार करतात. मुंबईला किंवा कोकणात पावसाळ्यात जाणे झाले, तर डासांपासून जपावे, कारण मलेरियाचे परजीवी ज्या तांबड्या पेशींत राहतात, त्या पेशी गाळून काढण्याचे कामही प्लीहेचेच.

गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध बंद करावे लागेल. आबा म्हणतील, उभ्या आयुष्यात काही झाले नाही. खरे आहे, पण कच्च्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया, साल्मोनेला हे जंतू येऊ शकतात, आणि येत्या वर्षभरात त्यांना तोंड देण्याची आबांची तयारी पूर्वीची नसेल. घरच्या म्हशीचे दूध नीट उकळून हवे तेवढे प्यावे. जोतिबाच्या चैत्र यात्रेची लाखोंची गर्दी या वर्षी टाळावी. डोंगरावर जायचेच असेल, तर यात्रा संपल्यावर, गर्दी नसलेल्या एखाद्या दिवशी जाऊन यावे. त्यांच्या मनाला ते पटेल असे मला वाटते, फक्त ते सुनेने नव्हे तर मुलाने सांगावे, म्हणजे वाद कमी होतील.

घरात लहान नातवंडे असतील, तर त्यांचे लसीकरण कार्ड काढून पाहावे. सरकारी कार्यक्रमात न्यूमोकोकसची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत देतात आणि हिमोफिलसची लस पेंटाव्हॅलंटमध्ये असते. मुलांच्या घशात हे जंतू मुक्काम करतात आणि मांडीवर बसवणाऱ्या आजोबांपर्यंत पोहोचतात, म्हणून मुलांच्या लसी पूर्ण असणे आबांच्या फायद्याचे आहे. मोठ्यांनी फ्लूची लस घ्यावी.

गुळवेलीचा काढा थांबवा. त्याने प्लीहेचे काम होत नाही, आणि गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेले आहे. ज्या यकृतावर आता जंतू गाळण्याची अधिक जबाबदारी आली आहे, त्याला त्रास होईल असे काही देणे मला योग्य वाटत नाही. आत्याबाईंचे मन राखायचे असेल, तर ताजे गरम जेवण करण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. पथ्य एवढेच, की मटण-अंडी पूर्ण शिजलेली असावीत. तांबड्या रश्श्याला माझी बंदी नाही, पांढऱ्यालाही नाही.

शेवटची बाब डॉक्टर बहुधा स्वतःच सांगतील, तरी आपण विचारून घ्यावी. रिटुक्सिमॅब सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही तपासण्या व्हायला हव्यात, कारण पूर्वी होऊन गेलेला आणि शांत पडलेला हा संसर्ग या औषधाने पुन्हा उसळू शकतो. त्याच वेळच्या रक्तातून आयजीजी या प्रतिपिंडाची पातळीही तपासून घ्यावी. ती फार कमी असेल आणि संसर्ग वारंवार होत असतील, तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा पर्याय डॉक्टरांपुढे असतो. लसींची तारीख ठरवण्यासाठी फोन कराल, तेव्हा हे दोन अहवाल समोर ठेवूनच बोलावे.